घरात दगडी फरशी घालताना: कोपरखैरणेत चुकलेलं, नौपाड्यात सावरलेलं

आमच्या घरात दगडी फरशीचं काम दोनदा झालं. पहिलं नवी मुंबईतल्या कोपरखैरणेत, माझ्या भावाच्या रो-हाऊसमध्ये, तळमजल्यावर. दुसरं ठाण्यातल्या नौपाड्यात, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. दोन्हीकडे दगड तोच, कोटा. भावाच्या घरी पहिला पावसाळा संपायच्या आत सांध्यांतून पांढरी भुकटी वर यायला लागली आणि हॉलच्या मधल्या पाच-सहा लाद्या पायाखाली पोकळ वाजू लागल्या. नौपाड्यातल्या फरशीने आता सहा पावसाळे काढले, एक लादी हललेली नाही. दगडात दोष नव्हताच. भावाकडे आम्ही दगडाचा रंग बघण्यात महिना घालवला आणि दगडाखाली काय येणार हे ठेकेदारावर सोडलं. नौपाड्यात उलट केलं. म्हणून या लेखात दगडाच्या रंगाबद्दल कमी आणि त्याच्या खालच्या दोन इंचांबद्दल जास्त वाचायला मिळेल.

सगळ्यात आधी वजन

पाऊण ते एक इंच जाडीचा कोटा किंवा शहाबादी दगड एका चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतो. त्याच्याखाली दोन इंच सिमेंट-रेतीचा माल धरला तर आणखी नऊ किलो. म्हणजे चौरस फुटाला 15 किलो. पाचशे चौरस फुटांच्या घरात हा आकडा साडेसात टन होतो. राहत्या घराचा स्लॅब माणसं, सामान, फर्निचर यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून काढलेला असतो. आयएस 875 या भारतीय मानकात तो आकडा आहे. चौरस फुटात सांगायचं तर साडेअठरा किलो. आता हिशोब स्पष्ट दिसतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर पुन्हा माल टाकून दगड बसवला, तर स्लॅबला माणसांसाठी ठेवलेली बहुतेक ताकद फरशीच खाऊन टाकते.

त्यामुळे इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर दोनच रस्ते. एक, जुनी फरशी तिच्या खालच्या मालासकट काढायची आणि तेवढ्याच वजनाची नवी घालायची. दुसरा, जुनी फरशी घट्ट बसलेली असेल तर 15 ते 18 मिलिमीटरचा, मशीनने एकसारख्या जाडीचा कापलेला दगड टाइल अॅडेसिव्हने वरच चिकटवायचा. यात वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास वाढतं. सिमेंट फासून जुन्या गुळगुळीत फरशीवर दगड बसवतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. अॅडेसिव्हच्या गोणीवर आयएस 15477 छापलेलं आहे का आणि ते दगडासाठी चालतं का, हे वाचूनच घ्या.

वाशी, नेरूळ किंवा ठाण्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत राहत असाल आणि छताचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील, तर फरशीचा विषय थांबवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. सोसायटीची लेखी परवानगी तर लागतेच. आम्ही अर्जात दगडाची जाडी, मालाची जाडी आणि एकूण वजन लिहून दिलं. सेक्रेटरींनी तो कागद सोसायटीच्या इंजिनिअरकडे पाठवला, चार दिवस गेले, पण पुढे कुणी काम अडवलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन सांगा आणि त्यांच्या छताचे, विशेषतः तुमच्या बाथरूमखालच्या भागाचे, फोटो काम सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा. त्यांच्या समोरच काढा.

उंची मोजा, आणि पुन्हा मोजा

नौपाड्याचे आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी आले ते काही न बोलता घरातलं एकेक दार उघडून खाली वाकून बघत फिरले. म्हणाले, "ताई, फरशी किती वर येणार ते दार सांगतं." तोपर्यंत मला वाटत होतं की फरशी म्हणजे फक्त लांबी आणि रुंदी.

मोजायचं ते असं. घरभर एकाच पातळीत राहील अशी एक रेघ लेझर लेव्हलने किंवा पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर मारून घ्यायची, साधारण तीन फुटांवर. मग प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी त्या रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहायचं. आमच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत नऊ सुतांचा फरक निघाला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा हा फरक इंचापेक्षा जास्त झाला. तो मालाच्या जाडीतच भरून काढावा लागतो, आणि म्हणून माल सगळीकडे दोन इंच कधीच नसतो. कुठे दीड, कुठे अडीच.

एवढं झालं की नव्या फरशीची उंची या पाच ठिकाणी तपासा:

- मुख्य दार. बाहेरच्या पॅसेजपेक्षा घर खाली जाता कामा नये, आणि दार घासताही कामा नये. दार तळाशी कापायचं असेल तर सुताराला आधीच सांगा. लोखंडी सेफ्टी डोअर कापता येत नाही.
- बाथरूमची फरशी खोलीपेक्षा निदान अर्धा इंच खाली राहायला हवी. खोलीची फरशी बदलून बाथरूमची जुनीच ठेवणार असाल तर उंबरठा किती उंच होईल ते आत्ताच बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर तिथेच पाय अडखळतो.
- स्वयंपाकाचा ओटा. फरशी इंचभर चढली की ओटा इंचभर बुटका होतो.
- कपाटं आणि मॉड्युलर किचनचे खालचे ड्रॉवर.
- बाल्कनीचं रेलिंग. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फरशी दोन इंच वर गेली की रेलिंग दोन इंच खाली आलं. लहान मुलं असलेल्या घरात बाल्कनीची जुनी फरशी काढल्याशिवाय दगड घालू नका.

कोणता दगड

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक फरशीचे दगड चुनखडीचे. कोटा राजस्थानातल्या कोटा आणि झालावाड भागातून येतो, निळसर-हिरवा आणि तपकिरी. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, तांदूर तेलंगणातली, काळा कडप्पा आंध्रातला, पिवळा जैसलमेर पुन्हा राजस्थानातला. मार्बलही चुन्याच्याच घराण्यातलं. या सगळ्यांना आम्ल चालत नाही. लिंबाचा थेंब पडून राहिला तर तिथली चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. ग्रॅनाइट वेगळा, त्याला आम्लाचं एवढं भय नाही, पण तो कापायला कठीण आणि मोठ्या खोलीत गुळगुळीत ग्रॅनाइट मला तरी थंड, परका वाटतो. आजीच्या घरातल्या शहाबादीवर उन्हाळ्यात पालथं पडून वाचलेल्या माणसाला चुनखडीचाच दगड हवा असतो, हे मी मोकळेपणाने सांगते.

दगड बघायला आम्ही शिळफाट्याच्या बाजूला आणि घोडबंदर रोडवर फिरलो. दुकानात बाहेर लावलेल्या तुकड्यावरून ठरवू नका. थप्पी मोकळी करायला सांगा, मधले चार-पाच दगड बाहेर काढा आणि त्यांच्यावर पाणी ओता. कोरड्या दगडात न दिसणारी केसाएवढी चीर पाण्याने काळी होऊन उठून दिसते. मग दगड काठावर उभा धरून बोटाच्या पेराने वाजवा. चांगला दगड खणखणीत वाजतो. आतून पापुद्रा सुटलेला असेल तर आवाज बसका येतो. कोटा खाणीतून थराथरानेच निघतो, त्यामुळे अशी पापुद्र्याची लादी थप्पीत एखादी तरी असतेच, आणि ती बसवल्यावर दोन वर्षांनी वरची खपली सोडते.

जाडीही मोजा. एकाच थप्पीत एक दगड सहा सूत आणि दुसरा आठ सूत असणं सर्रास आहे. मालावर बसवताना मिस्त्री हा फरक सांभाळून घेतो, अॅडेसिव्हवर नाही. म्हणून अॅडेसिव्हने चिकटवणार असाल तर एकसारख्या जाडीचाच दगड घ्या, भाव जास्त पडला तरी.

सगळा दगड एकाच लॉटमधला, एकाच वेळी घ्या. आठ ते दहा टक्के जास्त, तिरकी मांडणी करणार असाल तर पंधरा टक्के. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची दगडी पट्टी, त्यातूनच कापायचं. नंतर दहा लाद्या कमी पडल्या आणि आणायला गेलात, तर तोच हिरवा पुन्हा मिळत नाही. काम झाल्यावर चार लाद्या पलंगाखाली ठेवून द्या.

दगड घरात येताना

भाव ठरवताना दगड, टेम्पोभाडं, हमाली, बसवणावळ, स्कर्टिंग, पॉलिश हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. सोसायटीची लिफ्ट दगडासाठी बहुधा मिळत नाही, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवण्याची मजुरी दुकानदाराच्या भावात नसते. आमच्याकडे दगड दोन खेपांत मागवला, कारण पाचशे चौरस फुटांचा तीन टन दगड एका खोलीच्या मध्यात रचणं म्हणजे त्या एका जागी स्लॅबवर सगळा भार. भिंतींच्या कडेने, वेगवेगळ्या खोल्यांत, लाकडी पट्ट्यांवर काठावर उभा ठेवा. आडवा रचलात तर तळाचे दगड तडकतात.

फोडकाम

जुन्या इमारतींमध्ये फरशीखालच्या मालातून विजेच्या वायरचे पाइप गेलेले असतात. हॉलमधल्या स्विचबोर्डाकडून समोरच्या भिंतीकडे सरळ रेघ मनात ओढा. पाइप बहुधा त्याच रेघेवर सापडतो. त्या भागात मोठं ब्रेकर मशीन नको, छिन्नी-हातोडीच. आणि बाथरूमजवळ काम थांबवायचं. बाथरूमच्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो, त्याला धक्का लागला की खालच्या घराचं छत गळायला लागतं आणि तो दोष शोधताना दोन्ही घरं हैराण होतात.

राबिट, म्हणजे फोडकामाचा मलबा, उचलणाऱ्याला पैसे देताना ते कुठे टाकणार हे विचारा. महापालिकेच्या व्यवस्थेकडे दिल्याची पावती मागा. रात्री खाडीकाठच्या कांदळवनात गोणी ओतून जाणारे टेम्पो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेत. ती ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीत आहे. आपल्या घरची जुनी फरशी तिथे जाऊ नये, एवढी जबाबदारी आपलीच.

ओल: कोपरखैरणेची चूक

भावाच्या घराखालची जमीन खाडीकाठची, भरावाची. ठेकेदाराने जुनी फरशी काढली, खालची माती-रेती सारखी केली, तिच्यावर माल पसरला आणि दगड बसवला. काम नऊ दिवसांत झालं म्हणून आम्हाला आनंदच झाला. जमिनीतली ओल मात्र वर येत राहिली, येताना क्षार घेऊन आली आणि दगडाच्या अंगावर, सांध्यांत ते पांढरे होऊन सुकले. पुसा, चार दिवसांनी पुन्हा.

तळमजल्यावर राहत असाल तर ही चाचणी करा, खर्च काहीच नाही. जमीन उघडी केल्यावर दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसाच ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालची जागा काळपट झाली, तर ओल आहे. मग दगडाच्या आधी काम आहे: खाली दगड-खडीची सोलिंग, तिच्यावर रेतीचा पातळ थर, त्यावर 250 मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, तुकडे एकमेकांवर निदान सहा इंच चढवून आणि भिंतीकडे थोडा वर वळवून, आणि त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. ते सुकल्यावर माल आणि दगड. भावाकडे आम्हाला दोन वर्षांनी हेच करावं लागलं. निघालेल्या दगडांपैकी जवळपास तिसरा हिस्सा काढताना फुटला.

क्षार मालातूनही येतात. खाडीची रेती खारट असते; धुतलेली नदीची किंवा चांगली धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) घ्या. गाळ किती आहे हे काचेच्या सरळ बरणीत कळतं: अर्धी बरणी रेती, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. रेतीवर बसलेला बारीक गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती रेती परत पाठवा. पाणीही पिण्याचंच. नवी मुंबईत नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, माल त्यातच कालवा. खाडीजवळच्या बोअरचं टँकरचं पाणी मालात घालू नका.

माल आणि बसवणी

प्रमाण एकास चार: एक भाग सिमेंट, चार भाग रेती. घमेल्याने मोजून, अंदाजाने नाही. शंभर चौरस फुटांना दोन इंच जाडीसाठी साधारण साडेतीन गोणी सिमेंट आणि साडेसतरा घनफूट रेती लागते. वर सिमेंटच्या घोळासाठी आणखी एक गोणी धरा. ठेकेदार यापेक्षा फारच कमी सिमेंट मागवत असेल तर त्याला प्रमाण विचारा.

माल ओलसर हवा, पातळ नको. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि तळहाताला पाणी सुटता कामा नये. पातळ मालावर दगड सहज बसतो, लेव्हल पटकन दिसते, म्हणून घाईतला माणूस पाणी वाढवतो. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, माल आकसतो आणि दगडाखाली पोकळी राहते. भावाच्या हॉलमधल्या पोकळ लाद्यांचं कारण तेच निघालं.

मांडणीची रेघ ठरवताना घर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघा. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात. आमच्याकडे एकही कोपरा काटकोनात नव्हता. म्हणून भिंतीपासून सुरुवात न करता मुख्य दारात उभं राहिल्यावर जी रेघ डोळ्यांना सरळ दिसते तीवर दोरी बांधली, पूर्ण लाद्या दारापासून आत नेल्या आणि कापलेले तुकडे सोफ्याखाली, कपाटामागे ढकलले. एक खोली कोरड्या लाद्या मांडून आधी बघा. तपकिरी आणि हिरव्या लाद्या मिसळून पसरवा, नाहीतर खोलीत एका बाजूला ठिगळ दिसतं.

आता प्रत्यक्ष बसवणी. इथे कामावर उभं राहायचं, निदान पहिला दिवस तरी.

स्लॅब झाडून, धुऊन, ओला करायचा. वर पाणी साचलेलं नको. त्यावर सिमेंटचा पातळ घोळ ब्रशने फासायचा आणि तो ओला असतानाच माल पसरायचा. माल अॅल्युमिनियमच्या पट्टीने सारखा करायचा. दगडाची पाठ धुऊन घ्यायची, कारण कटाईची भुकटी पाठीला चिकटलेली असते आणि तिच्यावर सिमेंट धरत नाही. दगड एकदा कोरडाच ठेवून रबरी हातोडीने ठोकायचा आणि उचलायचा. मालावर जिथे दगडाचा ठसा उमटला नाही तिथे पोकळी आहे. तिथे मूठभर माल भरायचा. मग दाट सिमेंटचा घोळ मालावर ओतून दगड कायमचा बसवायचा, मधून कडेकडे ठोकत न्यायचा, दोरीला आणि लेव्हलला लावायचा.

या उचलून बघण्याला प्रत्येक लादीमागे एखादं मिनिट जातं. चौरस फुटाने पैसे घेणारा माणूस ते मिनिट वाचवतो. आम्ही नौपाड्यात भाव ठरवतानाच सांगितलं होतं की प्रत्येक लादी एकदा उचलून बघायची, आणि त्यासाठी भाव थोडा जास्त दिला. या कामात आमचा सगळ्यात चांगला खर्च झाला तो हाच.

सांध्यांबद्दल मिस्त्री आणि आर्किटेक्ट यांची मतं जुळत नाहीत, पण ठरवायची रीत सोपी आहे. बसवल्यानंतर जागेवर मशीनने पॉलिश होणार असेल तर दगड जवळजवळ चिकटून, एखादा मिलिमीटर सांधा ठेवून बसवता येतात. थोडी उंच-सखल कड पुढे घासली जाते. आधीच पॉलिश केलेला दगड आणला असेल तर पुढे काही घासलं जाणार नाही, तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचा सांधा स्पेसर लावून ठेवावाच लागतो. आणि भिंतीच्या कडेने सगळीकडे दोन सूत जागा मोकळी ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फरशी भिंतीला ठासून भरली तर पुढे कधीतरी मधून उचलते.

कटरला पाणी लावूनच दगड कापायला सांगा. कोरड्या कटाईची पांढरी धूळ घरभर होते, पण खरा प्रश्न तो नव्हे. तिच्यातली सिलिका कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाते आणि परत बाहेर पडत नाही. चांगला मास्क तुम्ही विकत आणून द्या. आमच्याकडचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा होता.

बाल्कनी आणि बाथरूममध्ये उतार ठरवून द्या: दर 80 ला 1. चार फुटांच्या बाल्कनीत भिंतीपासून पाण्याच्या भोकापर्यंत पाच सूत. बसवतानाच बादलीभर पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशी बदलता येत नाही. तिथे पॉलिशचा दगड नको, वरून खरखरीत असलेला घ्या.

थांबण्याचे दिवस

पहिले चोवीस तास कुणी पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सांधे साफ करून दगडाच्या रंगाशी जुळणारा सिमेंटचा घोळ भरायचा. मग सात दिवस फरशी ओली ठेवायची. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यात दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं. राहत्या घरात खोलीमागून खोली असं काम केलं तर हे सात दिवस काढता येतात. आम्ही आईला बेडरूममध्ये ठेवून आधी हॉल आणि स्वयंपाकघर केलं.

या काळात तीन गोष्टी होऊ देऊ नका. सुताराचा भुसा ओल्या दगडावर पडू देऊ नका, सागाच्या भुशाचा तपकिरी डाग आत मुरतो. लोखंडी सळ्या, खिळ्यांचे डबे, पत्र्याची बादली हेही दूर. गंज दगडात उतरतो. आणि फरशी जपायची म्हणून लगेच प्लास्टिक पसरून वर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओततात, ती पद्धत नुकत्याच बसवलेल्या दगडावर घातक आहे. आतली ओल अडकून दगड ढगाळ होतो. झाकायचंच असेल तर दगड सुकल्यावर, साधा जाड पुठ्ठा टाका.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या हवेत माल सुकतो पण दगड सुकत नाही, आणि ओल्या दगडावर सीलर, म्हणजे दगडात पाणी-डाग मुरू न देणारं द्रव, लावता येत नाही.

पॉलिश

पॉलिशवाला यायच्या आधी सगळ्या लाद्या वाजवून घ्या. लाकडी काठी किंवा एक रुपयाचं नाणं चालतं. कोपऱ्यात थोडी पोकळ चालून जाते. मध्यभागी पोकळ असेल तर ती लादी उचलून पुन्हा बसवायला लावा. पॉलिश झाल्यावर उचलली तर तिची उंची आणि चमक उरलेल्यांशी जुळत नाही. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या नाण्यानंतर द्या.

पॉलिश एका बैठकीचं काम नाही. आधी 60 नंबरच्या भरड पत्थराने कडा सपाट होतात. मग सांध्यांतली छिद्रं पुन्हा सिमेंटने भरून दोन-तीन दिवस ठेवायचं. मग 120, मग 220, मग 320 आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पूड टाकून चमक आणतात. मधला एखादा नंबर गाळला तर लगेच कळत नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की फरशीवर मशीनचे गोल ओरखडे दिसतात. म्हणून प्रत्येक नंबरनंतर खोली धुऊन, सुकवून, तिरप्या बॅटरीच्या उजेडात बघा.

चमक किती हवी हा तुमचा निर्णय, पण म्हातारी माणसं असलेल्या घरात मी आरशासारखी फरशी करणार नाही. आमच्याकडे 220 वर थांबलो. दगडाचा रंग दिसतो, पाय सरकत नाही.

घासताना निघणारा राखाडी लगदा नहाणीत सोडू नका. बहुतेक जण तेच करतात, कारण सोपं असतं. तो पाइपमध्ये बसतो आणि तिथेच दगड होतो, आणि इमारतीत तो पाइप सगळ्यांचा असतो. जाळीवर फडकं ठासून वर वीट ठेवा, लगदा सुपलीने बादलीत गोळा करा, सुकवा आणि राबिटबरोबर पाठवा. भिंतींचा शेवटचा रंग पॉलिशनंतरच. मशीनचे शिंतोडे फूटभर उंच उडतात.

रोजचं वागणं

फरशी पूर्ण सुकल्यावर, म्हणजे पॉलिशनंतर निदान दोन-तीन आठवड्यांनी, दगडात मुरणारा सीलर लावा. वर थर चढवणारा नको, तो वर्षभरात चालण्याच्या वाटेवर घासून पट्टे पाडतो. आधी एका सुट्या लादीवर लावून रंग किती गडद होतो ते बघा.

पुसायला पाणी आणि सौम्य साबण. संडासचं अॅसिड, व्हिनेगर, लिंबाच्या वासाची आम्लयुक्त क्लीनरं या दगडाला नकोत. आपल्या स्वयंपाकात आंबट काही कमी नसतं: चिंचेचा कोळ, आमसुलाचं आगळ, ताक. सांडलं की तेव्हाच पुसायचं, जेवण झाल्यावर नाही. आमच्या डायनिंग टेबलाजवळ कोकम सरबताचा एक गोल फिका डाग आहे. तेवढी जागा 220 च्या पॅडने हाताने घासून घेतली की मिसळते.

तेल सांडलं तर वरवर पुसून थांबू नका. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोण्यासारखा दाट लेप डागावर अर्धा इंच थापायचा, वर प्लास्टिक टेपने चिकटवायचं आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्यायचा. सुकताना तो तेल वर ओढतो. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं.

आणि दरवर्षी पावसाळा संपला की, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, स्वयंपाकघरात ओट्यासमोर आणि मुख्य दारात पाण्याचे चार थेंब टाका. दहा मिनिटांनी थेंब तसेच गोल उभे असतील तर सीलर आहे. दगड काळपट झाला असेल तर तेवढ्या भागाला पुन्हा एक हात मारा.